थोरलीनं शिकवलेला कान

१

वायरमन खांबावरून पडला तो तारेसकटच. जीव वाचला, पण शुद्ध अजून आली नव्हती. तार ज्याच्यावर टेकवतात तो चिनी मातीचा पांढरा नग, इन्सुलेटर म्हणतात तो, दुभंगून त्याच्या शेजारी पडला होता. नगावर कारखान्याचा शिक्का होता आणि शिक्क्याखाली निळा ठिपका. निळा ठिपका म्हणजे हा नग 'काना'नं ऐकून पास केलेला.

'कान' हे यंत्राचं नाव, कामगारांनीच ठेवलेलं. पूर्वी तिथं प्रत्येक नग माणसं वाजवून बघायची. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसंच. लाकडी हातोडीनं ठोकायचं. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत चीर. गेल्या वर्षी हे काम यंत्राला शिकवलं. अपघातानंतर गोदामातला माल पुन्हा हातानं वाजवला, तेव्हा निळ्या ठिपक्याचे इतके नग बद्द निघाले की साहेबांच्या, म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरांच्या, तोंडचं पाणी पळालं.

मला बोलावलं ते त्यामुळे. मी पोलीस नाही, मी एका सरकारी योजनेची तपासनीस आहे. सरकार आपल्या खर्चानं कामावरच्याच माणसांना एआय शिकवतं. नोकरी तीच, जागा तीच, पण आठवड्यातले काही तास माणूस पुन्हा शिकाऊ उमेदवार होतो. केस पिकलेली माणसं बाकावर बसून माना डोलावतात. ती खरंच शिकतात की डुलक्या काढतात, हे बघायला मला धाडतात. हा कान अशाच एका शिकाऊ तुकडीनं बनवला होता.

"यंत्र आहे तसंच चालू ठेवलंय," साहेब म्हणाले. "पट्टा बंद केलाय फक्त. बघून घ्या. पण बाई, एकट्या नका जाऊ आत."

असं कुणी म्हटलं की मी एकटीच जाते. तो माझा स्वभावच आहे, आणि गुडघे दुखायला लागल्यापासून तो आणखी बिघडला आहे.

वाजवणीची खोली लांबट आणि थंड होती. भिंतींना कापूस भरलेल्या गाद्या ठोकलेल्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. मधे थांबलेला पट्टा, पट्ट्यावर मुक्या पाखरांसारखे ओळीनं बसलेले नग. टोकाला यंत्राची हातोडी, तिच्यावर वाकलेला मायक्रोफोन. माझ्या चपलांचासुद्धा आवाज होत नव्हता. मी मायक्रोफोनजवळ गेले आणि श्वास रोखून उभी राहिले.

"फुटका," एक बाई म्हणाली.

अगदी माझ्या कानाशी. स्वच्छ, थोडा दमलेला आवाज. मी गर्रकन वळले. खोलीत कुणी नव्हतं. दारात साहेब उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोण बोललं?" मी विचारलं.

"थोरली."

"मग बोलवा ना त्यांना इकडे."

"कुठून बोलवू?" साहेब म्हणाले. "हिवाळ्यात वारली ती."

२

चहा पोटात गेल्यावर साहेबांना कंठ फुटला.

या खोलीत दोघी सख्ख्या बहिणी कामाला होत्या. सगळा कारखाना त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचा. थोरली नग वाजवण्यात इतकी पारंगत की तिनं पास केलेला नग कधी परत आला नाही. तेव्हा यंत्राला शिकवायचं तर तिच्याकडूनच शिकवायचं ठरलं. ती मायक्रोफोनसमोर नग वाजवायची आणि पायानं खटका दाबायची, उजवा ठीक, डावा फुटका. यंत्र ऐकत राहायचं. अशा ढीगभर नगांवर ते शिकलं. मग त्याला बोलतं करायचं तर आवाजही तिचाच घेतला. पुढं एका सकाळी ती झोपेतून उठलीच नाही. यंत्र मात्र कामाला लागलं. खोलीत माणसाची गरजच उरली नाही म्हणून धाकटीला पॅकिंगला धाडलं.

"सुरुवातीला फार छान चाललं," साहेब म्हणाले. "फुटके नग जवळजवळ निघेचनात. आम्ही तर माल सुधारला म्हणून भट्टीकाकांना हार घातला."

"आणि हे मगाशी जे झालं ते?"

"ते मधूनच होतं. पट्टा बंद, हातोडी बंद, नग नाही आणि ही बोलते. नेहमी एकच, 'फुटका'. माणसं म्हणतात, थोरली रुसलीय. मी असल्या गोष्टी मानत नाही." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "पण मी त्या खोलीत जातही नाही."

"संशय कुणावर आहे?"

"संशय कसला, खात्रीच आहे. धाकटी. बहिणीच्या तेराव्याला सगळ्यांदेखत म्हणाली, 'हे यंत्र माझ्या बहिणीचा आवाज घेऊन बसलंय, एक दिवस मी त्याचा गळा दाबीन.' आणि सुट्टी झाल्यावर ती त्या खोलीत एकटी बसलेली अनेकांनी बघितलीय, यंत्रावर हात ठेवून. तीही शिकाऊ होतीच, काय कुठं बिघडवायचं ते तिला ठाऊक. तुम्ही फक्त सांगा की मुद्दाम बिघडवलंय. उद्या सकाळी पोलीस येतायत. मी तिला त्यांच्या हवाली करतो."

"आणि मी तसं म्हटलं नाही तर?"

"मग कुणी केलं ते सांगा," साहेब म्हणाले. "कारण तो वायरमन काही आपणहून पडलेला नाही."

३

तुकडीला शिकवणारे 'सर' वयानं माझ्या मुलाएवढे होते. कडक इस्त्री, गोड बोलणं. मी यंत्राचं नाव काढताच त्यांनी छाती पुढं काढली.

"मॅडम, परीक्षेत कान एकदाही चुकला नाही. थोरलीबाईंनी वाजवलेले जे नग त्यानं आधी ऐकले नव्हते, ते बाजूला ठेवले होते. त्या सगळ्यांचं उत्तर बरोबर दिलं."

"मग आता काय झालं?"

"कुणीतरी हात लावलाय. दुसरं काय असणार?" त्यांनी आवाज खाली आणला. "मला कुणाचं वाईट करायचं नाही. पण धाकटीबाई पहिल्यापासून मागं लागल्या होत्या. तिच्याकडून शिकवू नका, माझ्याकडून शिकवा. रोज तेच. मी म्हटलं, अहो, सख्खी बहीण आहे तुमची, इतका मत्सर बरा नव्हे."

"त्यावर त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. रडल्या."

आम्ही खोलीतच उभे होतो. सरांनी पट्टा सुरू केला. यंत्राची हातोडी नगावर पडली, टण्ण आवाज झाला आणि मग काहीच नाही. घोटभर चहा गिळायला लागेल एवढा वेळ गेला.

"ठीक," थोरली म्हणाली.

"इतका उशीर?"

"विचार करायला वेळ लागतो त्याला," सर हसून म्हणाले. "माणसासारखंच."

भिंतीवर थोरलीच्या जुन्या टेबलासमोर एक छोटा आरसा टांगलेला होता. माझ्यापेक्षा उंच बाईलाही त्यात आपलं तोंड दिसलं नसतं, इतका वर आणि तिरका. मी टाचा उंचावून बघितलं. आरशात मला दार दिसलं आणि दारात उभं राहून आमच्याकडे टक लावून बघणारी एक बाई दिसली. मी वळेपर्यंत ती नाहीशी झाली होती.

४

ती धाकटी होती हे मला भट्टीकाकांनी सांगितलं. भट्टीकाका म्हणजे भट्टी सांभाळणारे, डोक्यावर केस नाहीत आणि भुवया जळून गेलेल्या. तेही याच तुकडीतले शिकाऊ. भट्टीचा ताव कधी बिघडणार हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम त्यांनी केला होता, आणि तो बरा चालत होता.

"बायकोचाही करणार होतो," ते म्हणाले. "सर म्हणाले, त्याला फार मोठं यंत्र लागेल."

मी हसले. मग थोरलीबद्दल विचारलं, तसा त्यांचा चेहरा बदलला.

"गर्विष्ठ बाई. मागून हाक मारली तर ओ द्यायची नाही. चारचौघांत विनोद झाला की सगळ्यांचं हसून झाल्यावर मग हसायची, उपकार केल्यासारखी. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण तुम्ही विचारलंत."

"आणि धाकटी?"

"धाकटीनं काही केलेलं नाही."

"कशावरून म्हणता?"

काकांनी भट्टीच्या काचेत डोकं घातलं. "तुम्ही पोलिसांसारखं कशावरून कशावरून करू नका. नाही केलं म्हणजे नाही केलं."

ते काहीतरी लपवत होते, आणि लपवायची सवय नसल्यामुळे वाईट लपवत होते. मी पॅकिंगकडे वळले. धाकटी पेंढा भरत होती. लहानखुरी, पन्नाशीची, डोळ्यांखाली काळं. मला बघून तिनं हात झटकले आणि शांतपणे म्हणाली, "बाई, एवढं फिरताय कशाला? मीच केलं म्हणून सांगा."

५

शेजारची पॅकिंगवाली हातातलं काम टाकून आ वासून बघत राहिली. मी धाकटीला हाताला धरून बाहेर, पाण्याच्या टाकीमागं नेलं.

"काय केलंत तुम्ही?"

"बिघडवलं यंत्र."

"कसं?"

तिला सांगता येईना. काहीतरी खटके, काहीतरी बटणं. शेवटी म्हणाली, "कसं का असेना, मी कबूल करतेय ना?"

"सुट्टीनंतर त्या खोलीत बसून काय करत होतात?"

तिनं टाकीवरून ओघळणाऱ्या पाण्याखाली हात धरला.

"ती बोलते," ती म्हणाली. "आपणहून. रोज नाही, पण बोलते. दुसरं काही बोलत नाही, तेवढाच शब्द. मी वाट बघत बसते. हात ठेवला की यंत्र कोमट लागतं. तुम्हाला वेड्यासारखं वाटेल."

मला वेड्यासारखं वाटलं नाही. अंगावर काटा आला, एवढं खरं.

"आरसा कशासाठी होता तिथं?"

"आरसा?" तिचे डोळे क्षणभर भिरभिरले. "तिला नट्टापट्ट्याची हौस होती. केस सारखे करायची."

"तिच्याकडून शिकवू नका, असं सरांना का सांगत होतात?"

"मत्सर," ती पटकन म्हणाली. "सर म्हणाले ते बरोबर आहे. मत्सरच तो." आणि तिनं माझा हात घट्ट धरला. "मला न्या, आत टाका. पण बाई, माझ्या बहिणीबद्दल कुणाला काही विचारत फिरू नका. तिचं नाव नका घेऊ यात. मी पाया पडते तुमच्या."

मी मागं सरले. जी माणसं स्वतःला वाचवायला खोटं बोलतात ती मला रोज भेटतात. ही मेलेल्या माणसाला वाचवत होती. पण कशापासून?

६

"तुमच्याकडे थोरलीचा काम करतानाचा व्हिडिओ आहे का?" मी साहेबांना विचारलं.

त्यांच्या मोबाइलवर होता. कान तयार झाला त्या दिवशी पाहुणे बोलावले होते, तेव्हाचा. साहेबांनी तो अशा थाटात दाखवला, की जणू नातवाचं बारसं आहे.

"बघा चमत्कार! हातोडी पडायच्या आधीच!"

थोरली टेबलाशी बसलेली. डोक्याला घट्ट रुमाल, एक केस बाहेर नाही. तिनं नग उचलला, अंगठ्याचं नख त्याच्या कडेवरून गोल फिरवलं, डावा तळहात नगावर सपाट ठेवला आणि हातोडी उचलली. हातोडी अजून हवेतच होती तेवढ्यात तिचाच आवाज यंत्रातून म्हणाला, "फुटका." मग हातोडी पडली. पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. थोरलीनं मान वर केली नाही. धाकटीनं खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकून वळली आणि सगळ्यांकडे बघून हसली.

ठोकण्याआधीच यंत्राला कळलं होतं. पाहुण्यांना तो चमत्कार वाटला. मला भीती वाटली. जी गोष्ट अजून वाजलेलीच नाही, ती कुणी कशी ऐकेल?

मी तो मोबाइल घेऊन वाजवणीच्या खोलीत जाऊन बसले. उन्हं तिरपी झाली होती. गाद्यांच्या भिंतींत माझाच श्वास मला मोठा वाटत होता. पट्ट्यावरचे नग माझ्याकडे बघताहेत असं वाटायला लागलं. उठावं आणि निघून जावं, असा विचार मनात आला, आणि शंकेची पाल चुकचुकायच्या आत खरीच पाल चुकचुकली. ट्यूबलाइटच्या पट्टीवर बसली होती, जाडजूड.

घोटभर चहाएवढा वेळ गेला.

"फुटका," थोरली म्हणाली.

मी पालीकडे बघितलं, मग मायक्रोफोनकडे. मग व्हिडिओचा आवाज पूर्ण मोठा केला, मोबाइल कानाजवळ तिरका धरला आणि व्हिडिओ पुन्हा सुरू केला. नख फिरलं. हातोडी उचलली. आणि त्याआधी, अगदी बारीक, थोरलीच्या तोंडून आवाज आला: "च्च."

आपण नाही का, दूध उतू गेलेलं बघून करतो, तसा.

माझ्या आत्याची आठवण झाली मला. तीही विनोदावर सगळ्यांच्या नंतर हसायची, आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायची. मी तशीच उठले, आधी भट्टीकाकांकडे एक काम घेऊन गेले आणि मग साहेबांना म्हटलं, "सगळ्यांना खोलीत बोलवा. धाकटीला मात्र आधी माझ्याकडे पाठवा."

७

धाकटीला मी दार लावून घेऊन सरळच विचारलं, "थोरलीला ऐकू येत नव्हतं ना?"

 भिंतीला टेकून ती खालीच बसली.

"आधी ती भट्टीवर होती, तिथल्या पंख्यांच्या आवाजानं गेले तिचे कान," ती म्हणाली. "हळूहळू गेले. तिनं कुणाला कळू दिलं नाही, मलाही नाही. मी ओळखलं. पण बाई, ती नखानं ओळखायची. चीर असली की नख अडतं म्हणे. तळहाताला झिणझिणी वेगळी लागते. ठोकायची ती लोकांना दिसावं म्हणून. यंत्राला शिकवायची वेळ आली तेव्हा मी घाबरले. न ऐकणाऱ्या माणसानं कान कसा शिकवायचा? तिनं चुकीचं शिकवलं. आणि आता तो माणूस हॉस्पिटलात पडलाय, माझ्या बहिणीच्या चुकीनं."

"म्हणून तुम्ही आपल्या डोक्यावर घेतलंत."

"तिचं सगळं आयुष्य त्या नावात होतं. थोरलीनं वाजवलेला नग. दुसरं काय होतं आम्हाला?"

"ऐका," मी म्हटलं. "शिकवताना वापरलेले नग अजून पेट्यांत आहेत. भट्टीकाकांनी आत्ता बसून त्यातली एक पेटी वाजवून बघितली. तुमच्या बहिणीचा एकही निवाडा चुकलेला नाही. फुटका म्हटलेला प्रत्येक नग फुटकाच आहे."

तिनं मान वर केली. "मग?"

"मग चूक तिची नाही. कुणाची ते मला सगळ्यांसमोर सांगायचंय. पण ते सांगताना तिला ऐकू येत नव्हतं, हेही सांगावं लागेल. त्याशिवाय तुम्ही सुटत नाही."

"मग मला नका सोडवू," ती म्हणाली.

"तुम्ही आत गेलात की हे यंत्र 'दुरुस्त' करून पुन्हा लावतील. नगांवर निळे ठिपके पडतील, आणि आणखी कुणीतरी खांबावर चढेल. आणि यंत्रातून बोलेल कोण? तीच ना?"

धाकटीनं पदर तोंडाशी धरला. हो म्हणाली नाही, पण उठून माझ्या मागोमाग आली.

८

खोलीत साहेब, सर, भट्टीकाका, पॅकिंगवाली आणि मागं दाटीवाटीनं बाकीचे कामगार उभे होते. मी एक खणखणीत नग घेतला, मायक्रोफोनसमोर धरला आणि ठोकलाच नाही. नुसतं तोंडानं केलं, "च्च."

सगळे वाट बघत राहिले.

"फुटका," थोरली म्हणाली. पॅकिंगवाली किंचाळली.

मग मी अपघातानंतर बाजूला काढलेला एक बद्द नग घेतला आणि हातोडीनं ठोकला. आवाज इतका बद्द की सगळ्यांनी तोंडं वाकडी केली.

"ठीक," थोरली म्हणाली.

"कान नग ऐकतच नाही," मी म्हटलं. "तो पहिल्या दिवसापासून एका बाईला ऐकत आला आहे. नग फुटका असला की तिच्या तोंडून च्च असा आवाज निघायचा. तिचा तळहात नगावर असायचा, त्यामुळे नगाचा आवाज दबायचा. भांडं हात ठेवून ठोकलं तर ते वाजेल का? यंत्राला सगळे नग सारखेच वाटले. वेगळं ऐकू आलं ते फक्त तिचं चुकचुकणं. तेवढं त्यानं मन लावून पाठ केलं. परीक्षेचे नगही तिनंच वाजवलेले, म्हणून परीक्षेत पैकीच्या पैकी. ती गेली आणि चुकचुकायला कुणी उरलं नाही, म्हणून सगळं ठीक. माल सुधारला नव्हता, काका, हार परत करा. आणि रिकाम्या खोलीत बोलते ती तुमची थोरली नव्हे. ती बघा, ट्यूबलाइटवर बसलीय."

सगळ्यांनी माना वर केल्या. पाल सरकून पट्टीमागं गेली. धाकटी वर बघतच राहिली. तिच्याजवळ जे काही उरलं होतं ते मी तिच्यापासून काढून घेतलं, असं मला वाटलं, आणि वाईट वाटलं.

"म्हणजे कुणाचीच चूक नाही?" साहेब म्हणाले.

"यंत्र चुकीचं शिकलं, ती चूक. ती झाकली, तो गुन्हा. तुमच्या व्हिडिओत कान हातोडीच्या आधी बोलतो. आज उशिरा बोलतो. सर म्हणाले, विचार करायला वेळ लागतो. मग तेव्हा का नाही लागला? मधल्या काळात कुणीतरी त्याला थांबून बोलायला लावलं. का? तर ठोकण्याच्या आधीच बोलणारं यंत्र बघून कुणीतरी कधीतरी विचारेल, हे ऐकतंय तरी काय? हा प्रश्न एकाच माणसाला पडला होता, आणि तो थांबा घालणंही त्यालाच शक्य होतं."

सरांची इस्त्री तशीच होती, पण आतला माणूस चुरगळला होता.

"पहिली तुकडी होती माझी," ते म्हणाले. "सगळं पुन्हा शिकवायचं म्हणजे तुकडी नापास. मला वाटलं, उत्तर तर बरोबर येतंय. कसं येतंय याच्याशी काय करायचंय? त्या जिवंत असत्या तर..."

"जिवंत असत्या तर त्या जन्मभर तुमच्या यंत्रासाठी चुकचुकत बसल्या असत्या," मी म्हटलं. मला फार राग आला होता. "आणि तुम्ही धाकटीचं नाव पुढं केलंत. पोलीस सकाळी येतील तेव्हा त्यांच्याशी तुम्ही बोला. मीही असेन."

साहेब अजून एका ठिकाणी अडकले होते. "पण बाई, तळहात कशाला ठेवायची ती? आणि आपण चुकचुकतोय हे तिला कळत कसं नव्हतं?"

मी धाकटीकडे बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले.

"कारण तिला ऐकू येत नव्हतं," मी म्हटलं. "स्वतःचाही आवाज नाही. ती हातानं ओळखायची."

  धाकटी अंग चोरून उभी होती, आता कुणीतरी हसेल किंवा थुंकेल अशी.

"बहिरी?" साहेब म्हणाले. "एवढी वर्षं? आणि एकाला पत्ता नाही?"

भट्टीकाकांनी घसा खाकरला. "आम्हाला माहीत होतं."

"कुणाला?"

"मला तरी. मी तिच्यासमोर जाऊनच बोलायचो. मघाशी या बाईंना ती गर्विष्ठ होती म्हणून सांगितलं, ते आपलं सारवासारव म्हणून."

"मलापण माहीत होतं," पॅकिंगवाली म्हणाली. "मला वाटायचं, मला एकटीलाच. आरसा मीच आणून दिला तिला, मागून कुणी आलं तर दिसावं म्हणून."

मागून आणखी कुणी हो म्हणालं, मग आणखी कुणी. माणसं एकमेकांकडे चमकून बघत होती. प्रत्येकानं ते गुपित एकट्यानं जपलं होतं.

धाकटी पुढं आली. "मग मला का नाही सांगितलंत? मी एकटी मरत होते. मी तिच्या समोर बसून जेवायचे, तिला माझं तोंड दिसावं म्हणून. दिवा मालवला की मी बोलायचे नाही. एवढी वर्षं मी तिला कळू दिलं नाही की मला कळलंय. मला एका शब्दानं तरी सांगायचं होतंत."

काकांनी बिनभुवयांचं कपाळ चोळलं. "कसं सांगणार, बाई? तिनं शपथ घातली होती. म्हणाली, कारखान्याला कळलं तर कळू दे. पण धाकटीला कळता कामा नये. ती जिवाला लावून घेईल."

 धाकटी पट्ट्याच्या कडेला बसली, आणि बहीण गेल्यापासून पहिल्यांदाच, सगळ्यांदेखत, मोठ्यानं रडली.